इंजिन गेलं म्हणून विमान दगड होत नाही

शिकाऊ विमान शेतात पडल्याची बातमी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेला मजकूर फिरतो: एकच इंजिन, ते बंद पडलं की विमान दगडासारखं खाली, धावपट्टीकडे वळता आलं नाही म्हणजे पायलट कच्चा, आणि विमानं तरी कसली, सगळं भंगार.

आधी दगडाचं बघू. सेसना 152 या दोन आसनी शिकाऊ विमानाचं 110 अश्वशक्तीचं इंजिन विमानाला फक्त पुढे ओढतं. वर तोलून धरतात ते पंख, आणि पंखांना लागतो वेग. इंजिन गेलं की तो वेग उंची मोडून मिळवायचा. नाक जरा खाली, वेगाचा काटा 60 नॉटवर (ताशी सुमारे 110 किलोमीटर), की हजार फूट उंचीत साधारण पावणेतीन किलोमीटर पल्ला मिळतो. जुलै 2022 मध्ये बारामतीहून निघालेलं असंच विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. विमानाचा चुराडा झाला, पण ते एकटीने उडवणारी 22 वर्षांची शिकाऊ वैमानिक किरकोळ जखमांवर वाचली.

परत वळण्याचा सल्ला तर जीवघेणा आहे. उड्डाणानंतर चारशे फुटांवर शक्ती गेली आणि घाईने तिरपं वळण घेतलं, तर पंखांचा आधार सुटतो आणि विमान गिरकी घेत खाली येतं. दगडासारखं पडणं ते हे. म्हणून समोरचंच, फार तर थोडं डाव्या-उजव्या हाताचं शेत धरायचं, असंच शिकवतात.

विमानं जुनी आहेत, हे खरं. या सेसनाचं उत्पादन 1985 मध्येच थांबलं. पण ठणठणीत इंजिनाचीही शक्ती जाते. पेट्रोलमध्ये पाणी उतरलं तर जाते. त्यासाठीच उड्डाणाआधी टाकीतून थोडं इंधन पारदर्शक नळीत काढतात. निळसर पेट्रोलच्या तळाशी थेंब गोळा झालेला दिसला, की ते पाणी. दुसरं कारण ऐकून लोक हसतात: कार्बोरेटरमधला, म्हणजे हवा आणि पेट्रोल जिथे मिसळतात तिथला, बर्फ. आपल्याकडे कसला बर्फ? इंजेक्शनआधी स्पिरिटचा बोळा फिरवला की दंड गार पडतो ना, तसंच तिथे पेट्रोलची वाफ होताना होतं. हवा दमट असेल तर बाहेर 25 अंश असतानाही आत बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. उपाय म्हणजे कार्ब हीटची मूठ ओढून गरम हवा आत घेणं. वितळलेलं पाणी आत गेलं की इंजिन आधी जास्तच खोकतं, आणि नवखा हात घाबरून मूठ परत आत ढकलतो. ती ओढलेलीच ठेवायची.