स्पोर्ट्स कारचं सर्व्हिसिंग: यादीतलं काय करायचं, काय सोडायचं

न्यू जर्सीतल्या चाळिशी ओलांडलेल्या मराठी मंडळींमध्ये सेकंडहँड पोर्शे घ्यायची साथ आली आहे, म्हणून हे एकदाचं लिहून टाकतो. गाडी घरी येते, फोटो पडतात, दोनशे लाइक मिळतात. मग पहिल्या सर्व्हिसिंगचं इस्टिमेट हातात पडतं, दोन हजार डॉलरच्या पुढचं, आणि रात्री मेसेज येतो: "अरे, हे सगळं खरंच करावं लागतं का?"

नाही करावं लागत. पण माझा अनुभव असा की लोक यादीतून नेमकं नको ते खोडतात. ब्रेक ऑइल खोडतात आणि इंजेक्टर क्लीनिंगला मान डोलावतात.

माझी गाडी 2010 ची पोर्शे बॉक्स्टर, 2.9 लिटरचं इंजिन, हाताने टाकायचे सहा गिअर. रस्त्यावर मीठ पडायला लागलं की ती गॅरेजमध्ये जाते ती थेट वसंतात बाहेर येते. वर्षाला जेमतेम तीन हजार मैल होतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या गाड्यांचं हेच आहे, आणि सगळा घोळ इथेच होतो. मॅन्युअलमध्ये प्रत्येक कामापुढे दोन आकडे असतात, इतके मैल किंवा इतकी वर्षं, जे आधी येईल ते. आपण मैलांचा आकडा बघतो आणि खूश होतो की अजून पुष्कळ वेळ आहे. कमी चालणाऱ्या गाडीला मैल लागूच होत नाहीत. तिला वर्षं लागू होतात, आणि तीही सगळ्या कामांना सारखी नाहीत.

मी यादीतल्या प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारतो. ही वस्तू उभ्या उभ्या खराब होते की चालून? आणि ती गेली तर एकटी जाईल की सोबत आणखी काही घेऊन जाईल?

ब्रेक ऑइल उभ्या उभ्या खराब होतं. ते हवेतली ओल शोषत राहतं, गाडी चालो न चालो. डॉट 4 (अमेरिकी वाहतूक खात्याच्या मानकातली एक प्रत) असलेल्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल शोषलेल्या ऑइलसाठी तेच मानक 155 अंशांवर समाधान मानतं. पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनो डोंगरांच्या उतारावर दोन-चार वळणं जोरात घेतलीत की ब्रेक किती तापतात ते कळतं. ऑइल उकळलं की त्यात बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले जातात, त्यामुळे पेडल खाली जातं पण गाडी थांबत नाही. पोर्शे दर दोन वर्षांनी बदला म्हणते. मी दर दोन वर्षांनी बदलतो, आणि खर्चाच्या मानाने यादीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच आहे. (मुंबईत स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस पळवणाऱ्या मित्राला मी हेच सांगतो. तिथल्या हवेत ओलीला काय तोटा? त्याला डीएसजीच्या, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलची, साठ हजार किलोमीटरच्या हिशेबाची, बरोबर आठवण असते. ब्रेक ऑइलचं विचारलं की विषय बदलतो.)

इंजिन ऑइल वर्षातून एकदा, मैल कितीही झालेले असोत. मी ते गाडी ठेवून देण्याच्या आधी बदलतो, वसंतात नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये पाणी आणि आम्लं साचलेली असतात, ती चार-पाच महिने बेअरिंगला लावून कशाला ठेवायची? ज्यांना फारच धाकधूक वाटते त्यांनी जुन्या ऑइलचा नमुना इंडियानातल्या फोर्ट वेनच्या ब्लॅकस्टोन लॅबला पाठवावा. लोखंड, तांबं, अॅल्युमिनियम किती आलंय ते कळतं. एका रिपोर्टवरून फार काही समजत नाही, पण तीन-चार वर्षांचे शेजारी ठेवले की इंजिन आतून कसं आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. त्यापुढे "इंजिन फ्लश", म्हणजे रसायन घालून इंजिन आतून धुणं, हा प्रकार मला निव्वळ बिल फुगवणारा वाटतो.

टायरवर नक्षी भरपूर शिल्लक असते, म्हणून लोक बदलत नाहीत. बाजूला डॉटच्या शिक्क्यात शेवटचे चार आकडे बघा. 2317 असेल तर तो टायर 2017 च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालाय. रबर कडक होतं, आणि ओल्या रस्त्यावर ही सीटमागे, मधोमध इंजिन असलेली गाडी आधी शेपूट हलवते, मग माफी मागते. इथे काटकसर करणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याच्या गाडीत बसत नाही इतकंच.

आता स्पार्क प्लग. वेळापत्रकात वर्षांचाही आकडा आहे, पण प्लग झिजतो तो ठिणग्यांनी, गॅरेजमध्ये उभा राहून नाही. म्हणून इथे मी वेळापत्रक मोडतो. मागची चाकं काढून खालून हात घालायचं काम आहे, त्यामुळे मजुरी चांगलीच लागते. जेव्हा करेन तेव्हा प्लगला वीज देणाऱ्या कॉइलला तडे गेलेत का तेही त्याच वेळी बघून घेईन. एअर फिल्टर मात्र दर वर्षी उघडून बघा. तो बदलायचा की नाही ते त्याच्याकडे बघून ठरतं, आणि उंदरांनी आत घर केलंय का तेही कळतं. हसू नका.

"टायमिंग बेल्ट केलास का?" असंही विचारतात. म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला लावणारा रबरी पट्टा. बॉक्स्टरला तो नाही, चेन आहे. पण हा प्रश्न फेरारी 355 वाल्याला विचारलात तर त्याचा चेहरा पडेल. तिथे बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, आणि काम वर्षांच्या हिशेबाने येतं, गाडी शोभेला उभी असली तरी. पुढे 2004 च्या एफ 430 मध्ये फेरारीनेच चेन बसवली. जुन्या पोर्शे 944 लाही बेल्ट आहे, आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं याहून सरळ उदाहरण नाही. अशा ठिकाणी "अजून चालतोय की" या वाक्याला काही अर्थ नसतो.

खरी गंमत म्हणजे ज्याने या गाड्या मरतात ते बरंचसं यादीत नसतंच. 2008 पर्यंतच्या बॉक्स्टर आणि पोर्शे 911 मधलं आयएमएस बेअरिंग घ्या, म्हणजे इंजिनातल्या इंटरमीजिएट शाफ्टचं बेअरिंग. त्यावरून 2001 ते 2005 च्या गाड्यांसाठी अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि 2013 मध्ये तडजोड झाली. कुठल्याही मॅन्युअलमध्ये "बेअरिंग बदला" अशी ओळ नव्हती. तुमची गाडी त्या काळातली असेल तर क्लचसाठी गिअरबॉक्स उतरेल तेव्हा तेही काम करून घ्या. 2006 नंतरचं मोठं बेअरिंग मात्र अख्खं इंजिन सुटं केल्याशिवाय निघत नाही, तिथे ऑइल फिल्टर कापून आत चकाकतं काही दिसतंय का एवढंच बघत राहायचं. 2009 पासूनच्या इंजिनात तो शाफ्टच नाही. मी 2010 ची गाडी शोधत होतो ती त्याचसाठी.

आणि पानं! बॉक्स्टरचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात. शरद ऋतूत रस्त्यावरची पानं पुढच्या जाळीतून आत जातात, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यात भिजून बसतात आणि कंपोस्ट होतात. धातू कुजतो, गळती सुरू होते, आणि मग दोन्ही बदला. बंपर काढून ब्रशने हे साफ करायला निवांत शनिवार पुरतो. तसंच छताखालच्या पाणी जायच्या भोकांचं. ती तुंबली की पाणी आत उतरतं, आणि जुन्या, 986 नावाच्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये इमोबिलायझरचं (चोरी टाळायला इंजिन सुरू होऊ न देणारं) युनिट ड्रायव्हरच्या सीटखालीच बसवलेलं आहे. पहाटे गाडी सुरूच होत नाही, बॅटरी बदलून होते, आणि दोष असतो पाचोळ्याचा. मला मिळालेल्या एकाही इस्टिमेटमध्ये "पानं काढणे" ही ओळ नव्हती. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग आणि टायरमध्ये नायट्रोजन दोन्ही होतं.

"बाहेर सर्व्हिसिंग केलं तर वॉरंटी जाईल" अशी भीतीही घातली जाते. त्यावर अमेरिकेत 1975 चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. केवळ बाहेरच्या मेकॅनिककडे काम केलं म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. फक्त पावत्या ठेवा: तारीख, मैल, ऑइलचा प्रकार, सगळं लिहिलेल्या. पुढे विकताना पोर्शेचं गिऱ्हाईक गाडीआधी फाइल चाळतं, आणि त्यात "हे केलं नाही, कारण अमुक" असं हाताने लिहिलेलं पानही चालतं. माझ्या फाइलमध्ये प्लगच्या रकान्यात तसंच लिहिलेलं आहे.