‘भाडं वाया जातं’ म्हणणाऱ्या मेसेजचा हिशोब

हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर, सगळीकडे फिरतोय. थोडक्यात असा: भाडं देणं म्हणजे घरमालकाचा हप्ता आपण फेडणं. बँक ९० टक्के कर्ज देते, आपण फक्त १० टक्के उभे करायचे. हप्ता भाड्याइतकाच बसतो. व्याज टॅक्समध्ये परत मिळतं, वर सरकारची २ लाख ६७ हजारांची सबसिडी. भाव कधी पडत नाहीत, तेव्हा आजच टोकन देऊन टाका. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी.

मी गृहकर्जाच्या फायली करून देतो. लोकांनी घर घेतलं तरच माझं कमिशन सुटतं, त्यामुळे घर घेऊ नका असं सांगण्यात माझा काडीचा फायदा नाही. पण या मेसेजच्या भरवशावर टोकन देऊन बसलेली माणसं नंतर माझ्याच टेबलासमोर येतात. त्यांचं घोडं हप्त्यावर अडलेलं नसतं. कर्ज मिळण्याआधी स्वतःचे किती पैसे लागतात, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून ‘फक्त १० टक्के’ इथूनच सुरुवात करू.

९० टक्के कर्ज मिळतं हे खोटं नाही, पण ते कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तरच. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत आणि ७५ लाखांच्या वर ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. आणि या किमतीत स्टॅम्प ड्यूटी, रजिस्ट्रेशन धरायचं नसतं. १० लाखांपर्यंतच्या घरांना त्यात सूट आहे, पण तेवढ्यात आता शहरात घर दाखवा मला.

पिंपरी-चिंचवडकडचा, रावेत-पुनावळ्याच्या बाजूचा, बांधकाम चालू असलेला एक टू बीएचके घेऊ. अॅग्रीमेंट ६० लाखांचं. बँक देणार ४८ लाख, आपला वाटा १२ लाख. स्टॅम्प ड्यूटी पुण्यात ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. रजिस्ट्रेशन ३० हजार. बांधकाम चालू आहे आणि किंमत ४५ लाखांच्या वर आहे म्हणून जीएसटी ५ टक्के, ३ लाख. झाले साडेएकोणीस लाख. काही बँका जीएसटी किमतीत धरून कर्ज थोडं वाढवून देतात; तसं झालं तरी १७ लाख हातात हवेतच. मेसेजमधले १० टक्के म्हणजे सहा लाख.

हे इथेच थांबत नाही. साइट ऑफिसात जी कॉस्ट शीट हातात देतात ती नीट बघा. वर बेसिकचा आकडा ठळक छापलेला असतो. त्याखाली फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे), डेव्हलपमेंट चार्जेस, लीगल, सोसायटी फॉर्मेशन, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात ‘टॅक्सेस अॅज अॅप्लिकेबल’. सेल्सचा पोरगा कॅल्क्युलेटरवर पटपट बोटं फिरवतो आणि एक आकडा पेनाने गोल करून देतो. त्या गोलात काय आहे आणि काय नाही, हे त्याच कागदावर त्याच्याकडून लिहून घ्या. फर्निचर, पंखे, पडदे, शिफ्टिंग हे मी धरलेलंच नाही.

यात एक फट मात्र तुमच्या फायद्याची आहे. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर असेल तर स्टॅम्प ड्यूटीत एक टक्का सवलत मिळते. वरच्या घरात ६० हजार वाचले. नवऱ्याचंही नाव घातलं की सवलत गेली. नावं दोन घालावीत की एक, याचा विचार घरात आधी करा. रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेर उभं राहून करू नका.

दुसरी गोष्ट, आपला वाटा आधी जातो. आमच्या धंद्यात त्याला ओसीआर म्हणतात. तुम्ही तुमचे पैसे बिल्डरला दिल्याच्या पावत्या दाखवल्याशिवाय बँक चेक सोडत नाही. सँक्शन लेटर हातात आलं म्हणजे काम झालं असं समजून पेढे वाटणारे बरेच असतात. मग ओसीआरसाठी धावाधाव सुरू होते, आणि कोणीतरी सुचवतं की पर्सनल लोन काढ. त्याचं व्याज गृहकर्जापेक्षा चांगलंच जास्त, मुदत चार-पाच वर्षांची, म्हणजे हप्ता जड. तो सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदीत, दिसतो, आणि बँक तेवढी गृहकर्जाची पात्रता कापते. इकडचं तिकडे करायला जाऊन दोन्हीकडून मार. ‘अॅग्रीमेंट फुगवून घेऊ, म्हणजे ८० टक्क्यांतच सगळं बसेल’ हाही सल्ला कानावर येतो. बँक घराची किंमत ठरवायला स्वतःचा व्हॅल्युअर पाठवते आणि कमी असेल तो आकडा धरते. फुगवलेल्या रकमेवर स्टॅम्प ड्यूटी मात्र तुम्ही पूर्ण भरता.

आता ‘हप्ता भाड्याइतकाच’. ४८ लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के: हप्ता ४१,६५५ रुपये. तुम्हाला दर थोडा कमी मिळाला तर हजार-दोन हजारांचा फरक. त्याच भागात तशाच फ्लॅटचं भाडं १८ हजार धरू. हप्ता भाड्याच्या दुपटीहून वर गेला. शिवाय मेंटेनन्स मालकाच्या गळ्यात, म्हणजे आता तुमच्या.

आणि हे घर मिळाल्यानंतरचं झालं. बांधकाम चालू असताना बँक स्लॅबप्रमाणे पैसे सोडते आणि सोडलेल्या रकमेवर व्याज घेते, तो प्री-ईएमआय. २४ लाख सोडले असतील तर महिन्याला १७ हजार, आणि राहत्या घराचं भाडं १८ हजार चालूच. पझेशन वर्षभर लांबलं की हे दुहेरी ओझंही वर्षभर लांबतं. ‘पझेशनपर्यंत हप्ता नाही, तोवरचं व्याज बिल्डर भरेल’ अशा जाहिराती बघून हुरळू नका. बांधकामाच्या टप्प्यांशी न जोडता पैसे आगाऊ सोडण्याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना ताकीद दिली होती, आणि नॅशनल हाउसिंग बँकेने २०१९ मध्ये हाउसिंग फायनान्स कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितलं. व्याज बिल्डर भरणार होता, त्याने हात वर केले तर कर्ज कोणाच्या नावावर आहे? तुमच्या.

मेसेजचं मूळ म्हणणं, भाडं वाया जातं. वाया म्हणजे परत येत नाही असं म्हणायचं असेल तर व्याजही परत येत नाही. पहिल्या महिन्याच्या ४१,६५५ मधले ३४,००० रुपये नुसतं व्याज. पाच वर्षांत तुम्ही २५ लाख भरता, त्यातले १९ लाखांच्या वर व्याजात जातात आणि मुद्दल कमी होते जेमतेम ५ लाख ७० हजार. त्याच पाच वर्षांत १८ हजारांचं भाडं दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढत गेलं तर एकूण १२ लाखांच्या आसपास जातं. घर घेणाऱ्याची स्टॅम्प ड्यूटी, जीएसटी वेगळे.

अर्थात भाडेकरूने हप्ता आणि भाडं यांतला फरक बाजूला टाकला तरच हा हिशोब त्याच्या बाजूने लागतो. टाकला तर किती होतात? पहिल्या वर्षी साधारण साडेतेवीस हजार महिना, पुढे भाडं वाढेल तसा कमी कमी. साडेसहा टक्क्यांच्या आरडीत पाच वर्षांनी १५ लाखांच्या आसपास जमतात. म्हणजे वर ज्या रकमेवर गाडी अडली होती, त्यापेक्षा थोडेच कमी. दरम्यान घराची किंमतही वाढली असेल, हे मान्य. पण हा फरक खरंच बाजूला पडतो की बाइकच्या हप्त्यात आणि गोव्याच्या ट्रिपमध्ये जिरतो, हे ज्याचं त्याला ठाऊक. ज्यांच्याकडून हप्त्याच्या धाकाशिवाय बचत होतच नाही, त्यांच्यासाठी मेसेज निम्मा बरोबर आहे. दर अकरा महिन्यांनी करार, मालकाचा मुलगा अमेरिकेहून येतोय म्हणून खोली रिकामी करा, पोरांची शाळा बदला, हा त्रासही खरा आहे. त्यासाठी जास्त पैसे मोजायला कोणी तयार असेल तर त्यात मूर्खपणा काही नाही. फक्त ते जास्त आहेत, हे कळून मोजा.

टॅक्सचं थोडक्यात. जुन्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. आपलं पहिल्या वर्षाचं व्याज ४ लाखांवर आहे. ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाचे फार तर ६२ हजार वाचतील. नवरा-बायको दोघं मालक आणि दोघं कर्जदार असतील तर दोघांना वेगवेगळी वजावट घेता येते. नव्या पद्धतीत, जी आता आपोआप लागू होते, राहत्या घराच्या व्याजाला वजावटच नाही. आणि २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत नव्या पद्धतीत करच लागत नाही, मग परत काय मिळणार?

सबसिडीचा २ लाख ६७ हजारांचा आकडा जुन्या योजनेतला आहे. ती २०२२ च्या मार्चमध्येच संपली; मेसेज अजून फिरतोय. सप्टेंबर २०२४ पासून प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भागाचा नवा टप्पा आहे. त्यात जास्तीत जास्त १ लाख ८० हजार मिळतात, तेही पाच हप्त्यांत. उत्पन्न वर्षाला ९ लाखांच्या आत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, आणि देशात कुठेही पक्कं घर नसावं. बदलापूर, विरारकडे शोधणाऱ्यांनी जरूर चौकशी करावी. आपल्या ६० लाखांच्या घराचा तिच्याशी संबंध नाही.

मेसेजमध्ये नसलेला एक मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे: व्याजदर वर-खाली होतो. २०२१ मध्ये पावणेसात टक्क्यांनी ४८ लाख घेतलेल्याचा हप्ता होता साडेछत्तीस हजार. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर, अडीच टक्क्यांनी चढला. सव्वानऊ टक्क्यांनी ४८ लाखांचं नुसतं व्याजच महिन्याला ३७ हजार होतं. मधे थोडी मुद्दल फिटली असली तरी हप्ता जवळपास सगळा व्याजातच जायला लागला. बँकांनी हप्ता तसाच ठेवून मुदत ताणली, आणि लोकांना पत्ताही नव्हता. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की फिक्स्ड दरावर जायचं, हे कर्जदाराला विचारा. २०२५ मध्ये रेपो पुन्हा खाली आला आहे, म्हणून आज हप्ता सोपा वाटतोय. बसतोय तेवढ्यावर ताणू नका; दोन टक्के वाढले तर झेपेल का ते बघून रक्कम ठरवा. अशा वर-खाली होणाऱ्या, म्हणजे फ्लोटिंग दराच्या कर्जात मधेच मुद्दल भरायला दंड लागत नाही, बोनस आला की टाका.

भाव पडत नाहीत म्हणणाऱ्यांनी २०१४ ते २०२० आठवावं. मुंबई-पुण्याच्या बऱ्याच भागांत भाव जागचे हलले नव्हते, आणि २०२० मध्ये घरं खपावीत म्हणून सरकारला स्टॅम्प ड्यूटी काही महिने कमी करावी लागली.

राहिलं टोकन. ‘आजच द्या, रेट उद्या वाढतोय’ हे दर शनिवारी ऐकू येतं. रेरा, म्हणजे बिल्डरांवर लगाम ठेवणारा कायदा, त्यानुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. टोकन देण्याआधी महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाका, पझेशनची तारीख कितीदा पुढे ढकलली आहे ते बघा. मग कर्जाची पात्रता बँकेकडून काढून घ्या. आणि टोकनच्या पावतीवर एक ओळ लिहून सही घ्या: कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम इतक्या दिवसांत पूर्ण परत. ‘सर, आमच्याकडे असं लिहून देत नाहीत’ असं उत्तर आलं, तर चेकबुक पिशवीत ठेवून चहा तेवढा पिऊन या.