तीन ओळींचा रिपोर्ट आणि पाचवीतलं पोरगं

आज एक कागद हातात आला आणि डोकं फिरलं. वर लेटरहेड, खाली इंग्रजीत तीन ओळी. बुद्ध्यांक ७४. शिकण्याची क्षमता कमी. विशेष शाळेत घालावे. त्याखाली सही. चाचणी कोणती, भाषा कोणती, किती वेळ चालली, पोरगं त्या दिवशी कसं होतं, याबद्दल एक अक्षर नाही. नोंदणी क्रमांकही नाही.

पोरगं दहा वर्षांचं, तासगावकडचं, पाचवीत. आई पदराला हात पुसत म्हणाली, "मॅडम, शाळेनं दाखला न्या म्हनून सांगितलंय. ह्येला काय कळतच न्हाई म्हंत्यात." (तिला विचारूनच लिहितेय. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.)

काय कळत नाही? वडिलांच्या द्राक्षबागेत ठिबकचा कुठला व्हॉल्व्ह कधी फिरवायचा ते त्याला कळतं. चार किलोची पेटी, पस्तीस पेट्या भरल्या तर माल किती, विचारलं. "एकशेचाळीस," म्हणाला. बोटं मोडली नाहीत की आईकडे बघितलं नाही. मग पाचवीचा धडा समोर ठेवला. ध चा घ, भ चा म, जोडाक्षर आलं की थांबला, बोट ठेवूनही ओळ सुटली. तोच धडा मी वाचून दाखवला आणि पाच प्रश्न विचारले. पाचही बरोबर.

ऐकून समजतं, वाचून समजत नाही. एवढं बघायला कुठलंही महागडं किट लागत नाही. यावरून निदान होत नसतं, पण पुढं काय शोधायचं ते तरी ठरतं. त्या तीन ओळी लिहिणाऱ्यानं एक धडा वाचायला द्यायला काय हरकत होती?

आता त्या ७४ बद्दल. बुद्ध्यांकाची सरासरी १०० धरतात आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून किती पसरतात त्याचं माप, १५. म्हणजे साधारण दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ च्या मध्ये येतात. शिवाय कुठलाही आकडा पाचेक गुण इकडे-तिकडे होऊ शकतो. ७४ म्हणजे साधारण ६९ ते ७९ चा पट्टा, आणि नीट रिपोर्टात तो पट्टा लिहितात. दुसरं म्हणजे बौद्धिक अक्षमता नुसत्या आकड्यावर ठरतच नाही. रोजचं वागणं तपासावं लागतं: अंघोळ, कपडे, दुकानातून सामान आणणं, सुट्टे परत घेणं, एकट्यानं जाणं-येणं. त्यासाठी व्हाइनलँडची मापनश्रेणी आहे, आणि ती आईवडिलांशी बोलून भरायची असते. या आईला कुणी एक प्रश्न विचारलेला नाही. बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं तिला.

आणखी एक घोळ बघा. चाचणीचं नावच लिहिलेलं नसल्यामुळे आता मला कळत नाही की कुठली चाचणी पुन्हा लावायची नाही. तीच लगेच लावली तर सरावानं गुण वाढतात. सहा महिने, शक्यतो वर्षभर थांबायला हवं. म्हणजे एका माणसाच्या आळसापायी या पोराची पुढची तपासणीही अडकली.

बरं, बुद्ध्यांक मोजायला मराठीत साधनं नाहीत असं म्हणायलाही जागा नाही. कामतांची बिने-कामत चाचणी १९३४ पासून मराठी आणि कानडीत आहे. मालिनांची मुलांसाठीची चाचणी नागपुरात १९६९ साली भारतीय मुलांसाठी तयार झाली. तिच्यात सहा शाब्दिक आणि पाच कृतीच्या उपचाचण्या आहेत. निकष, म्हणजे ज्या मुलांच्या गुणांशी तुलना करतात ते आकडे, जुने झालेत, मान्य, आणि जुन्या निकषांवर आकडा थोडा फुगूनही येतो. पण खरा माल उपचाचण्यांतच असतो. ठोकळ्यांची रचना आणि चित्रातली उणीव ओळखणं चांगलं, पण आकडे उलटे म्हणणं आणि चिन्हं भरणं खाली, असा चढउतार दिसला तर पुढं कुठं बघायचं ते कळतं. सरासरी काढून ७४ लिहिलं की तो चढउतार पुसला जातो. एक पाय उकळत्या पाण्यात, एक बर्फात, आणि सरासरी तापमान ठीक आहे म्हणून सांगण्यासारखं आहे हे.

आईवडिलांनो, तपासणी कशी असते ते थोडं सांगते, म्हणजे तुम्हालाच विचारता येईल.

आधी कान आणि डोळे. कानात पाणी साचून कमी ऐकू येणारी मुलं "लक्ष देत नाही" म्हणून वर्षानुवर्षं मार खातात. मग इतिहास: बाळंतपण, बाळ लगेच रडलं का, काचेत ठेवलं होतं का, झटके आले का, कधी चाललं, कधी बोललं. वर्गात मध्येच काही सेकंद टक लावून थांबतं का, हे मुद्दाम विचारायचं. ते फिटचंही असू शकतं आणि ते मेंदूच्या डॉक्टरांचं काम आहे. झोप, घोरणं, हिमोग्लोबिन, थायरॉइडही बघायचं. चाचण्या त्यानंतर, सकाळी, पोट भरलेलं असताना, दोन-तीन बैठकांत. पहाटे चारला उठून एसटीनं आलेल्या पोराला अकरा वाजता उपाशी बसवलं तर तुम्ही त्याची भूक मोजता. ताप असेल तर परत पाठवायचं. चष्मा असेल तर तो घालूनच बसवायचं.

अध्ययन अक्षमतेसाठी निम्हान्सची, म्हणजे बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेची, बॅटरी (चाचण्यांचा संच) लावतात. त्यात वाचन, शुद्धलेखन, आकलन, गणित बघतात. इयत्तेच्या दोन वर्गांइतकं मागं पडलं असेल, बुद्धी ठीक असेल आणि शिकवणंही मिळालेलं असेल, तर ते निदान. प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी देत नाहीत, त्यामुळे पहिलीतल्या लेकराला "डिस्लेक्सिक" (वाचनाची अध्ययन अक्षमता असलेलं) म्हणून शिक्का मारणाऱ्यांपासून लांब राहा. आणि चंचलपणाचं निदान असेल तर लक्षणं घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसायला हवीत. नुसत्या बाईंच्या तक्रारीवर ते होत नसतं.

हे सगळं करायला कोण पात्र? भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. क्रमांक मागा, यादीत बघा. विचारायला लाजू नका. सोनाराकडे हॉलमार्क बघताच ना?

तुम्ही म्हणाल, सांगली-साताऱ्यात अशी माणसं आहेत किती? कमी आहेत, खरं आहे. सरकारी रुग्णालयात तारीख लांबची मिळते, तेही खरं. पण माणसं कमी आहेत म्हणून वीस मिनिटांत पोराचं आयुष्य ठरवायची परवानगी कुणाला मिळत नाही.

शाळांना एक सांगते, आणि इथं माझा आवाज चढतोय हे मला माहीत आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ चा आहे. आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, बौद्धिक अक्षमताही आहे. "दाखला न्या" हे तोंडी सांगितलं जातं, कारण लेखी देता येत नाही. लेखी मागा. बहुतेक वेळा विषय तिथंच थांबतो.

शिक्षकांवर मात्र माझा राग नाही. एका वर्गात पन्नास पोरं, वर सर्वेक्षणं, निवडणुका. त्या पोराच्या वर्गशिक्षिकेनं वहीच्या कडेला पेन्सिलनं लिहिलेलं आज दिसलं: "तोंडी सर्व येते." तिनं बरोबर ओळखलं होतं. तिला विचारलंच नाही कुणी.

मोठ्या मुलांबद्दल थोडं. हायवेवर गाडीवरून पडलेली, डोक्याला मार लागलेली पोरं. स्कॅन "नॉर्मल", जखम भरली, कॉलेज सुरू, आणि दोन सेमिस्टरनंतर घरचे म्हणतात, आळशी झाला, चिडका झाला. यांचा बुद्ध्यांक काढून काही हाती लागत नाही, तो बहुतेकदा ठीकच येतो. इथं न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी लागते, म्हणजे स्मरण, लक्ष अशी मेंदूची कामं वेगवेगळी तपासायची. पंधरा शब्दांची यादी पाच वेळा ऐकवायची आणि अर्ध्या तासानं पुन्हा विचारायची. आकडा-अक्षर-आकडा असे ठिपके जोडायला लावायचे, एका मिनिटात किती प्राणी सांगतो ते मोजायचं. यादी शिकतो पण अर्ध्या तासानं निसटते, की मुळात शिकतच नाही? दोन्हींचे उपाय वेगळे. अपघातानंतर लगेच ही तपासणी करून उपयोग नाही, गोंधळलेपण ओसरू द्यावं आणि सहा महिने-वर्षानं पुन्हा करावी.

आणि थेरपी. इथं पालकांना थोडं बोलणार आहे. तीन आठवडे येता, "फरक नाही" म्हणता आणि बंद करता. वाचनाचं विशेष अध्यापन आठवड्यातून तीन-चार वेळा, एकेका वेळी तीस-चाळीस मिनिटं, आणि महिनोन्‌महिने चालतं. आधी आवाज वेगळे करायला शिकवायचं, मग अक्षर, मग काना-वेलांटी, मग जोडाक्षर. मधली पायरी सोडली की पोरगं पाठ करून फसवतं. त्याच त्या शंकेनं वीस वेळा हात धुणाऱ्या मुलीचंही तसंच. हात न धुता बेचैनी सहन करायला शिकवणं हाच उपचार असतो, आणि घरचे मायेपोटी "जा, धू एकदा" म्हणाले की मागची मेहनत वाया जाते. माया समजते मला. पण त्या वेळी गप्प बसायचं. बोलायला कुणीच जवळ नसेल तर १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तपासणीला येताना फाईलमध्ये हे असू द्या: जन्माची कागदपत्रं, आधीचे सगळे रिपोर्ट (वाईट असले तरी), कान-डोळ्यांची तपासणी, चालू औषधांची चिठ्ठी, आणि दुसरीपासूनच्या वह्या. वह्या रद्दीत घालू नका. खाडाखोड केलेल्या, लाल शाईनं भरलेल्या असतील त्याच आधी आणा. दहावीला वाढीव वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर फॉर्म भरायच्या आठवड्यात धावू नका, आठवीतच सुरुवात करा.