खरे ख्रिस्ती नव्हते, तर मग कोण होते?

गोव्याच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाचा, विषय निघाला की एक उत्तर ठरलेले असते. समाजमाध्यमांवर ते निरनिराळ्या शब्दांत फिरते, पण सार एकच: "येशूने शत्रूवरही प्रेम करायला सांगितले. माणसे जाळणारा ख्रिस्ती असूच शकत नाही. फळांवरून ओळखा, असे बायबलच सांगते. गोव्यात जे झाले ते पोर्तुगीज राजाने आणि लोभी अधिकाऱ्यांनी केले, धर्म नावापुरता होता. शिवाय काळच तसा होता. खरे ख्रिस्ती बघायचे तर शाळा-दवाखाने चालवणाऱ्यांकडे बघा."

असे म्हणणारे बहुतेक लोक भले असतात. त्या क्रौर्याची त्यांना मनापासून शिसारी असते. तरीही हे उत्तर वाक्यागणिक तपासत गेलो तर हाती फारसे काही लागत नाही.

आधी "असूच शकत नाही" हे घेऊ. अमुक माणूस खरा ख्रिस्ती की खोटा, हे ठरवण्यासाठी गोव्यात एक कचेरीच होती, आणि तीच इन्क्विझिशनची. १५६० मध्ये ती सुरू झाली. जुन्या गोव्यात आदिलशाहाच्या राजवाड्यात तिचा कारभार चाले. लोक त्या वास्तूला 'व्हडलें घर' म्हणत. हिंदूंनाही तिचा जाच झाला. धर्मांतरात अडथळा आणला किंवा आपले विधी केले म्हणून त्यांना पकडत. पण तिचा अंमल मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर होता. त्यांच्यावरचा आरोप हाच असे की बाप्तिस्मा घेऊनही हा आतून ख्रिस्ती झालेला नाही. १७३६ चे फर्मान वाचले तर या तपासणीची नजर कुठवर जायची ते कळते. अंगणात तुळस लावायची नाही. एकादशीचा उपास करायचा नाही. धोतर नेसायचे नाही. लग्नात जुन्या चालीची गाणी नकोत. भात शिजवताना हिंदूंसारखा बिनमिठाचा शिजवायचा नाही. म्हणजे मीठ भातात कधी पडते, यावरून कोणाच्या मनात कोणता देव आहे ते ठरायचे! "तो खरा ख्रिस्ती नव्हताच" हे वाक्य इन्क्विझिशनच्या विरोधात वापरणाऱ्यांनी ते मुळात कोणाच्या भात्यातले आहे, हे एकदा बघावे.

गार्सिया द ओर्ताचे उदाहरण घ्या. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहावर त्याने उपचार केले. मुंबई बेट पुढे त्याच्याकडे खंडाने होते. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. हिंदुस्थानात छापलेल्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी तो एक. त्याचे आईवडील स्पेनमधून आलेले ज्यू, पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती केलेले. ओर्ता स्वतः ख्रिस्ती म्हणून जगला आणि १५६८ मध्ये ख्रिस्ती म्हणूनच मेला. मग त्याची बहीण कातारीना पकडली गेली. चौकशीत भावाचे नाव निघाले. तिला १५६९ मध्ये जाळले. ओर्ता तर हाती लागण्यापलीकडे गेला होता. पण १५८० मध्ये त्याची हाडे थडग्यातून उकरून काढली आणि ती जाळली. निकाल असा की हा खरा ख्रिस्ती नव्हता.

कदाचित तो मनातून ज्यू राहिलाही असेल. प्रश्न तो नाही. मेलेल्या माणसाच्या अंतःकरणात शिरून त्याचा धर्म ठरवण्याचा हा जो उद्योग आहे, तोच आपला मेसेजवाला आता न्यायाधीशांवर उलटवतो आहे. आरोपी बदलले, खटल्याची रीत तीच राहिली.

बरे, "फळांवरून ओळखा" या वचनाचे काय? ते मत्तयाच्या सातव्या अध्यायात आहे आणि ते खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहण्याविषयी आहे. त्याच शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात गहू आणि निदण यांचा दाखला येतो. शेतात गव्हाबरोबर निदण उगवते, चाकर म्हणतात उपटून टाकू का, आणि मालक म्हणतो नको, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. म्हणजे निवडानिवड माणसांनी करायचीच नाही. हा दाखला मेसेजमध्ये कधी नसतो.

चर्चचा सिद्धान्त तर याहून स्पष्ट आहे. उत्तर आफ्रिकेत चौथ्या शतकात दोनातिस्त पंथ निघाला. रोमन सम्राटांनी केलेल्या छळाच्या काळात कच खाल्लेल्या बिशपांनी दिलेली दीक्षा खोटी, असे त्यांचे म्हणणे होते. संत ऑगस्टिनने ते खोडून काढले: देणारा पापी असला तरी संस्कार खरा. बाप्तिस्म्याचा शिक्का पुसता येत नाही, ही कॅथलिक शिकवण तिथूनच घट्ट झाली. आणि गंमत अशी की गोव्यातल्या इन्क्विझिशनचा हक्क याच शिकवणीवर उभा होता. एकदा बाप्तिस्मा झाला की तू कायमचा आमच्या अखत्यारीत. मग हा नियम कैद्याला लागू आणि त्याला कैद करणाऱ्याला नाही, असे कसे चालेल?

ऑगस्टिनचे आणखी एक सांगायला हवे. याच दोनातिस्तांना सक्तीने परत आणणे योग्य आहे, हेही त्यानेच मांडले, आणि आधाराला घेतला मेजवानीचा दाखला, ज्यात यजमान चाकराला म्हणतो, लोकांना आत यायला भाग पाड. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने लिहिले की खोटी नाणी पाडणाऱ्याला देहदंड होतो, तर श्रद्धा भ्रष्ट करणाऱ्याला का होऊ नये. हे दोघे चर्चचे मोठे आचार्य आहेत, संत आहेत. सक्तीचा युक्तिवाद कोण्या माथेफिरूने बाहेरून आणून चिकटवलेला नाही. प्रेमाची शिकवण वाचणाऱ्या, ती रोज सांगणाऱ्या माणसांनीच तो केला, आणि आपण आत्मे वाचवतो आहोत अशी त्यांची खात्री होती.

आता "राजाने केले, चर्चने नाही". यात तथ्य आहे, पण अर्धेच. पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन राजाने मागून घेतले आणि पोपने १५३६ मध्ये मंजूर केले. दोघांची गाठ इतकी पक्की होती की गोव्यात न्यायालय बसले तेव्हाचा मुख्य धर्मपरीक्षक कार्डिनल हेन्रीक पुढे स्वतःच राजा झाला. जप्त मालमत्तेचा मोह होता, वैयक्तिक हेवेदावेही होते. शार्ल देलों हा फ्रेंच वैद्य दमणमध्ये पकडला गेला आणि गोव्यात कोंडला गेला. आरोपांत एक असाही होता की दानपेटीवरच्या पवित्र चित्राचे चुंबन तो घेत नसे. खरे कारण मात्र एका बाईवरून दमणच्या गव्हर्नरचा मत्सर, असे त्यानेच लिहून ठेवले आहे.

पण याच देलोंने १६७६ च्या जानेवारीतला निकालाचा सोहळा आतून पाहिला आणि सुटल्यावर, १६८७ मध्ये, छापला. देहदंड व्हायचा त्याच्या छातीवर इन्क्विझिशनचा अधिकारी हाताने हलकीशी थाप मारी. अर्थ हा की आता आम्ही तुला सोडले. मग त्याला सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली करायचे, आणि हवाली करताना त्यांना रीतसर विनंती करायची की याच्यावर दया करा. ती दया कोणी करणार नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक. नदीकाठी लाकडे रचलेली असत. तिथे शेवटचा प्रश्न: कोणत्या धर्मात मरू इच्छितोस? 'ख्रिस्ती' म्हणाला तर आधी गळा आवळून मग जाळायचे. नाहीतर जिवंत. चर्च कसे नामानिराळे राहिले, ते या एका थापेत दिसते. "जाळले सरकारने" हे तेव्हाचेही अधिकृत उत्तर होते.

धर्म नुसता बुरखा होता, म्हणजे करणारे आतून श्रद्धाहीन होते, हे म्हणणे तर कागदपत्रांपुढे टिकत नाही. गोव्यात इन्क्विझिशन हवे, असे पोर्तुगालच्या राजाला १५४६ च्या मे महिन्यात लिहिणारा माणूस म्हणजे फ्रान्सिस झेवियर. त्याचा रोख वसाहतीतल्या अशा लोकांवर होता, जे नावाचे ख्रिस्ती पण वागतात ज्यू किंवा मुसलमानांसारखे. झेवियर १५५२ मध्ये वारला, न्यायालय आठ वर्षांनी आले, त्यामुळे त्याला स्वतःला इन्क्विझिटर म्हणणे चूक आहे. पण लोभी? ढोंगी? फाटक्या झग्यात किनाऱ्या-किनाऱ्याने हिंडून, चीनच्या दारातल्या एका बेटावर तापाने मेलेल्या माणसाला हे शब्द लावता येत नाहीत. त्याने जे मागितले ते श्रद्धेपोटी मागितले. अडचण नेमकी तिथे आहे.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. १७७४ मध्ये गोव्याचे इन्क्विझिशन बंद झाले ते पोंबालच्या कारकिर्दीत. हा पंतप्रधान पक्का राजकारणी, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाला हाकलून देणारा. तो सत्तेवरून गेल्यावर १७७८ मध्ये ते पुन्हा सुरू झाले राणी मारिया पहिली हिच्या काळात, आणि पोर्तुगाल तिला 'धर्मपरायण' या बिरुदाने ओळखतो. सत्तेच्या गणितवाल्याने दार बंद केले, श्रद्धाळूच्या राजवटीत ते उघडले. कायमचे बंद व्हायला १८१२ उजाडावे लागले आणि त्यातही इंग्रजांचा दबाव होता.

"काळच तसा होता" हे थोडक्यात आटोपू. १५५३ मध्ये प्रोटेस्टंट जिनिव्हात मिगेल सर्व्हेत या पाखंडी ठरवलेल्या विद्वानाला जाळले, तेव्हा सेबास्तियन कास्तेल्यो या ख्रिस्ती पंडितानेच त्याविरुद्ध लेखणी उचलली. बार्तोलोमे द लास कासास हा स्पॅनिश धर्मगुरू अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसाठी त्याच शतकात भांडत होता. म्हणजे त्या काळातही वेगळा विचार उपलब्ध होता; तो नाकारला गेला. शिवाय काळ तसा नसतानाही हे घडते. एप्रिल १९९४, रवांडा. बहुसंख्य हुतूंकडून अल्पसंख्य तुत्सींचा नरसंहार चालू होता. न्यांगे गावच्या चर्चमध्ये दीड हजारांच्या आसपास तुत्सी जीव मुठीत धरून बसले होते. चर्च त्यांच्यासकट बुलडोझरने पाडले गेले. तिथला कॅथलिक पाद्री आतानाज सेरोंबा याने चालकाला इमारतीची कच्ची बाजू कोणती ते सांगितले, असे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या अपील निकालात म्हटले आहे. २००८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. मधली काही वर्षे तो इटलीत, फ्लॉरेन्सजवळ, नाव बदलून पाद्रीपण करत होता.

त्याच एप्रिलमध्ये गिसेनी शहरात फेलिसिते नियितेगेका ही हुतू स्त्री चर्चच्या एका केंद्रात तुत्सींना लपवत होती. तिचा भाऊ सैन्यात अधिकारी. तू निघून ये, असा त्याचा निरोप होता. ती गेली नाही, आणि लपलेल्यांबरोबर मारली गेली.

शाळा-दवाखान्यांचा मुद्दा इथे येतो. फेलिसिते खरी ख्रिस्ती आणि सेरोंबा खोटा, असे म्हणण्याचा मोह होतो. पण मग हिशोब असा झाला की मॅच जिंकली की 'आपण जिंकलो', हरली की 'ते हरले'. दोघांचा बाप्तिस्मा एक, प्रार्थना एक, शुभवर्तमान एक. फेलिसितेच्या धैर्यात तिच्या श्रद्धेचा वाटा मान्य करायचा असेल, आणि मला तो करावासा वाटतो, तर सेरोंबाच्या चर्चने त्याला काय शिकवले आणि काय शिकवायचे राहून गेले, हेही विचारावे लागेल. त्याला यादीतून वगळले की हा प्रश्नच बाद होतो.

खुद्द व्हॅटिकननेही ही पळवाट पूर्णपणे घेतलेली नाही. १२ मार्च २००० रोजी रोममध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जाहीर क्षमायाचना केली. 'सत्याच्या सेवेत' केलेल्या पापांची कबुली कार्डिनल रात्झिंगर यांनी मांडली. बोलणे चर्चच्या लेकरांविषयी होते, परक्यांविषयी नव्हे. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रवांडाबद्दल क्षमा मागितली ती चर्च आणि त्याच्या सदस्यांच्या पापांची. चर्चने कमी मागितली, उशिरा मागितली, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण "ती माणसे आमची नव्हतीच" असे ते म्हणालेले नाहीत.

आता उलट्या बाजूने फिरणाऱ्या मेसेजचेही बघू: जाळणारे ख्रिस्ती होते ना, मग आजच्या गोव्यातल्या ख्रिस्त्यांना जाब विचारा. हेही तितकेच पोकळ आहे. सतराव्या-अठराव्या शतकात इन्क्विझिशनपुढे उभे राहिलेल्यांत बार्देश-साष्टीतले नवख्रिस्ती मोठ्या संख्येने होते. न्यायासनावर बसलेले पोर्तुगाल सोडून आलेले पाद्री होते. आज गोव्यात जी कॅथलिक घरे आहेत, त्यांतल्या अनेकांचे पूर्वज पकडून नेणाऱ्यांत नव्हते, पकडले जाणाऱ्यांत होते.