पंच ‘इन्फील्ड फ्लाय’ ओरडला म्हणून खेळ थांबत नाही

अमेरिकेत उन्हाळा लागला की पार्कांमधल्या स्लो-पिच सॉफ्टबॉल (बेसबॉलचाच भाऊबंद, चेंडू हळू टाकायचा) लीग सुरू होतात आणि त्यांच्यामागोमाग एक मेसेजही फिरायला लागतो. ऑफिसच्या टीममध्ये आपली मंडळी असतातच, त्यामुळे तो आपल्याही ग्रुपवर येऊन पडतो. मजकूर साधारण असा: ‘इन्फील्ड फ्लाय फक्त मातीच्या भागात लागू होतो. पंचानं पुकारला की चेंडू डेड (म्हणजे खेळ थांबला), बेसवरच्या रनरनं जागचं हलायचं नाही. पंच ओरडलाच नाही तर नियम लागू नाही. आणि निर्णय चुकला असं वाटलं तर फी भरून प्रोटेस्ट (अधिकृत हरकत) करा, मॅच परत खेळवावी लागते.’

चारही दावे चूक. चौथ्यात तर खिशालाही चाट.

आधी मूळ नियम. इन्फील्ड म्हणजे बेसच्या आसपासचा आतला भाग, तो राखणारे ते इन्फील्डर. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर किंवा तिन्ही बेसवर रनर असायला हवेत, आउट दोनपेक्षा कमी असायला हवेत आणि बॅटरनं फेअर भागात (दोन्ही फाउल रेषांच्या आत) असा उंच चेंडू उडवलेला हवा, की इन्फील्डरला तो साध्या प्रयत्नात झेलता यावा. एवढं जुळलं की बॅटर आउट; मग झेल घेतला काय, सुटला काय. सपाट सुसाट गेलेल्या लाइन ड्राइव्हला हे लागू नाही. बंटचा (बॅट न फिरवता चेंडू हळूच ढकलण्याचा) प्रश्न स्लो-पिचमध्ये येत नाही, तिथे बंट करणाराच आउट होतो.

नियम आला १८९०च्या दशकात, बेसबॉलमधल्या एका लबाडीमुळे. झेल जाणार म्हणून रनर बेसला चिकटून उभे राहायचे. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला इन्फील्डर) चेंडू मुद्दाम पडू द्यायचा. झेल नाही म्हणजे बॅटर पळणार आणि पुढच्या रनरना बेस सोडावाच लागणार. मग चेंडू उचलून तिसऱ्या बेसवर द्यायचा, तिथून दुसऱ्यावर, की दोघे आउट. रनर आधीच पळाले असते तर झेल घेऊन त्यांना मागे गाठलं असतं. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. नुसत्या पहिल्या बेसवर रनर असेल तर बॅटर पळून पहिला बेस गाठतो आणि लबाडीतून फायदा काही मिळत नाही, म्हणून तिथे हा नियम नाही.

आता मातीचं. नियमात अशी रेषाच नाही. प्रश्न चेंडू कुठे पडला हा नसून तो इन्फील्डरच्या आवाक्यात होता का, हा आहे. ५ ऑक्टोबर २०१२, अटलांटा. मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग. ब्रेव्ह्ज विरुद्ध कार्डिनल्स, वाइल्ड कार्ड म्हणजे हरेल तो बाहेर असा एकच सामना, आठवी इनिंग, एक आउट, पहिल्या-दुसऱ्या बेसवर रनर. अँड्रेल्टन सिमन्सचा चेंडू डाव्या आउटफील्डच्या (इन्फील्डच्या पलीकडच्या भागाच्या) गवतात गेला, शॉर्टस्टॉप पीट कोझ्मा मागे सरकत त्याच्याखाली पोचला, हात वर करून ‘माझा’ म्हणाला आणि ऐनवेळी बाजूला झाला. चेंडू गवतात पडला, पण पंच सॅम होलब्रुकनं इन्फील्ड फ्लाय पुकारला होता. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, खेळ १९ मिनिटं थांबला. निर्णय पटो न पटो (मला तो उशिरा आल्यासारखा वाटतो), ‘गवतात पडला’ हा त्यावरचा आक्षेप होऊ शकत नाही.

त्याच चेंडूवर दुसरा दावाही निकालात निघतो. सिमन्स आउट झाला, पण रनर पळाले आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर राहिले. चेंडू जिवंत होता, म्हणूनच.

पार्कात खरा घोळ होतो तो इथेच. शॉर्टस्टॉपकडून झेल सुटतो, डगआउटमधून (टीम बसते तिथून) कुणीतरी ‘पळ, पळ!’ ओरडतं, दुसऱ्या बेसवरचा रनर तिसऱ्याकडे धावतो. तिसऱ्या बेसवाला चेंडू घेऊन बेसवर पाय ठेवतो आणि सगळी टीम टाळ्या देत बाहेर निघते. पण बॅटर आधीच आउट आहे, म्हणजे रनरवर पळायची सक्ती उरलेली नाही. ही सक्ती म्हणजेच फोर्स; ती असेल तरच बेसवर पाय ठेवून रनर आउट होतो. इथे फोर्स संपला. त्याला आउट करायचं तर टॅगच करायला हवा, म्हणजे चेंडू हातात घेऊन रनरला लावायला हवा. रनर स्वतःच्या जोखमीवर पळतो. झेल सुटला असेल तर बेसवर परतून निघायचीही गरज नाही.

चेंडू डेड होण्याची समजूत बहुधा शेजारच्या नियमातून आलीय. इन्फील्डरनं हाताला लागलेला सोपा झेल मुद्दाम सोडला, तर चेंडू डेड होतो आणि रनर परत जातात. पण इन्फील्ड फ्लाय पुकारलेला असेल तर तोच वरचढ.

पंच ओरडलाच नाही तर? यूएसए सॉफ्टबॉल या तिथल्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांत पंचाच्या उशिरा आलेल्या निर्णयानं एखादी बाजू अडचणीत आली, तर ते दुरुस्त करायचा अधिकार पंचाला आहे. मात्र पुढचा पिच (बॅटरला टाकलेला चेंडू) पडेपर्यंतच. तेव्हा टाइम मागा आणि शांतपणे विचारा.

राहिला प्रोटेस्ट. इन्फील्ड फ्लायच्या एकाच निर्णयात दोन वेगळ्या गोष्टी असतात. झेल साध्या प्रयत्नाचा होता की नाही, ही पंचाची नजर. तिच्यावर प्रोटेस्ट होत नाही. रनर कुठे होते, आउट किती, फोर्स उरला का, हा नियमाचा वापर, त्यावर होतो. अटलांटात ब्रेव्ह्जनीही प्रोटेस्ट केला होता. मेजर लीगचे अधिकारी जो टोरींनी तो त्याच रात्री फेटाळला, कारण तो पंचाच्या नजरेचा निर्णय होता. (२०२० पासून मेजर लीगनं प्रोटेस्टची सोयच काढून टाकली.) पार्क लीगमध्ये प्रोटेस्ट फेटाळला की बऱ्याच ठिकाणी फीही परत मिळत नाही. आणि मान्य झाला तरी अख्खी मॅच परत होत नाही. चूक झाली तिथून, दुरुस्त निर्णयासह पुढे खेळवतात.

तेही वेळेत केलं तर. पुढचा पिच पडायच्या आत मुख्य पंचाला ‘आम्ही प्रोटेस्टखाली खेळतोय’ असं सांगायचं, म्हणजे समोरच्या मॅनेजरला आणि स्कोअररला कळवलं जातं. इनिंग, आउट, कोणता रनर कुठे, हे तिथल्या तिथे लिहून घ्यायचं. ‘तो झेल सोपा नव्हता’ म्हणालात की विषय संपला. ‘बॅटर आउट होता, फोर्स नव्हता, टॅग झालाच नाही’ म्हणालात तर पंचाला ते नोंदवून घ्यावंच लागतं.