पद्मिनीचा कायाकल्प

जुन्या मोटारीला घरी रंग देण्याच्या कामात प्रत्यक्ष रंग देण्याचा भाग अत्यल्प असतो, आणि खरवडणे, घासणे, घासलेल्यावर हात फिरवून पुन्हा घासणे यांतच उमेदीचा काळ जातो, ही माहिती गाडी विकणारा माणूस कधीही देत नाही. आमच्या पोर्चमध्ये आलेली प्रीमियर पद्मिनी त्याने ‘डॉक्टरांची, घर ते दवाखाना एवढीच वापरलेली, पत्रा एकदम ओरिजिनल’ अशा शब्दांत वर्णिली होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली, १०८९ सीसीच्या इंजिनाची आणि स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर असलेली ही बाई वयाच्या मानाने भलतीच तुकतुकीत दिसत होती. संशय तिथेच यायला हवा.

पत्र्याची परीक्षा लोहचुंबकाने करतात. फ्रिजवरचा चुंबकाचा गणपती मी फडक्यात गुंडाळून गाडीभर फिरवला. दारांवर तो घट्ट बसला, मागच्या मडगार्डवर मात्र सरळ घरंगळला. कारण तिथे पत्रा उरलाच नव्हता. बोटभर जाडीची लांबी, म्हणजे खळगे बुजवायची पुटी, होती आणि तिला आतून आधार म्हणून पोत्याचा तुकडा. दारे खरवडू लागलो तेव्हा पांढऱ्याखाली फिकट हिरवा, त्याखाली मरून आणि सर्वांत तळाशी काळा रंग निघाला. समोरच्या बंगल्यातले काका चहाचा कप घेऊन कुंपणाशी आले आणि म्हणाले, “छप्पर खरवडा.” छपराच्या तळाशी पिवळा निघाला. ज्या जातीच्या शेवटच्या टॅक्सीला मुंबईने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर निरोप दिला, त्याच काळ्या-पिवळ्या घराण्यातली ही लेक होती. डॉक्टर बहुधा मागच्या सीटवर बसत असावेत.

पुढचा टप्पा लांबीचा. तिच्यात हार्डनर जरा जास्त पडले, की मे महिन्याच्या उन्हात ती पत्र्यावर पोहोचण्याआधी पत्तीवरच दगड होते. मग ८० नंबरच्या खरखरीत पॉलिश पेपरापासून ४०० च्या बारीक पेपरापर्यंत घासणे, रेड ऑक्साइडचा तांबडा अस्तर-रंग मारणे, त्यावर काळ्या रंगाचा विरळ फवारा सोडणे आणि पुन्हा घासणे. जिथे काळे ठिपके उरतात तिथे खळगा आहे असे समजायचे. आमच्या गाडीवर ठिपके उरले नव्हते, जिल्हे उरले होते. याच दिवसांत गच्चीवर कुरडया वाळत होत्या आणि वारा पोर्चकडून गच्चीकडे वाहत होता. “अहो, कुरडया गुलाबी झाल्यात,” एवढेच वाक्य सौ. बोलली, आणि त्यानंतर घरात बराच काळ कोणीच काही बोलले नाही. त्या कुरडया अर्थातच तळल्या गेल्या नाहीत.

रंग कोणता, हा प्रश्न आरसी बुकाने सोडवला, कारण त्यात ‘पांढरा’ अशी नोंद होती आणि रंग बदलायचा तर आरटीओची पायरी चढावी लागते. मात्र रंगाची जात पीयू (पॉलियुरेथेन) की एनसी (नायट्रोसेल्युलोज), यावर गल्लीत दोन तट पडले. पीयूची चकाकी टिकाऊ खरी, पण त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते आणि नाकाला बांधलेल्या रुमालाला ते मुळीच जुमानत नाही. म्हणून एनसी ठरला. एनसीचा हात झटपट सुकतो, पण हवा दमट असली तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर बाष्प धरते आणि रंगावर दुधाळ झाक येते. पांढऱ्या गाडीवर ती दिसणार नाही, या माझ्या युक्तिवादाचे जूनच्या पहिल्या आठवड्यात परीक्षण झाले. दिसते. पांढऱ्यातही मेलेला पांढरा आणि जिवंत पांढरा असा भेद असतो.

अखेर पावसाने उघडीप दिलेल्या एका कोरड्या दुपारी बॉनेट पूर्ण झाले. ओघळ नाही, संत्र्याच्या सालीसारखे खडबडीत पोत नाही, फक्त मधोमध एक चिलट कायमचे वास्तव्यास आले होते, आणि तेही पॉलिश करताना निघाले. काकांना मुद्दाम बोलावले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, तळहात बॉनेटवरून सावकाश फिरवला, उजेडाकडे तिरके वाकून पाहिले आणि समाधानाने मान डोलावली.

“पहिला हात छान बसलाय,” ते म्हणाले.

तो शेवटचा होता.