संमतीपत्र अहिराणीत का नाही?

सध्या आमच्या डिपार्टमेंटमध्ये सिनॉप्सिसची, म्हणजे थिसिसच्या आराखड्याची, धावपळ सुरू आहे. जेआर-वनची, म्हणजे पीजीच्या पहिल्या वर्षाची, मुलं फायली घेऊन पॅसेजमध्ये उभी असतात. एमडी पॅथॉलॉजीची वर्षं तीनच, आणि करायच्या गोष्टींची यादी लांबत चाललेली. एथिक्स कमिटीची मंजुरी, नाशिकला विद्यापीठाकडे सिनॉप्सिस, संशोधन-पद्धतीचा ऑनलाइन कोर्स आणि त्याची परीक्षा, 80 टक्के हजेरी, लॉगबुक, जिल्हा आरोग्य यंत्रणेत तीन महिने, आणि या सगळ्यात थिसिस. यातलं काहीही अनाठायी आहे असं मी म्हणत नाही. तो कोर्स तर आमच्या वेळीच हवा होता. अभ्यासात किती पेशंट घ्यायचे, म्हणजे सॅम्पल साइझ, म्हणून आम्ही सिनियरने सांगितलेला आकडा लिहून मोकळे व्हायचो.

पण ज्या माणसाच्या रक्तावर तुमचा थिसिस उभा राहणार, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलता येतं का, हे या यादीत कुठेच नाही. ते असायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या हाताखालच्या एका मुलाचा विषय सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार, होता. साक्री तालुक्यातली एक आई, कॉटवर तिची मुलगी. त्याने चार पानी संमतीपत्र अगदी प्रामाणिकपणे वाचून दाखवलं. 'सदर अभ्यासातील आपला सहभाग सर्वस्वी ऐच्छिक असून...' बाई मान हलवत राहिली. अंगठा दिला, शाई कॉटच्या दांड्याला पुसली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, अंगठा दिधा. आते कितला पैसा भरना पडतीन?"

मी तिच्याजवळ बसले. माझ्या माहेरी अमळनेरला घरात अहिराणीच, त्यामुळे बोलणं सुरू झालं. मग तिने खरा प्रश्न विचारला, "नही म्हनं ते दवाई बंद करशात का?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरं दुसऱ्या पानावर छापलेली होती. ते संमतीपत्र कमिटीने मंजूर केलेलं होतं आणि गाईड म्हणून खाली माझी सही होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. आधीच्या किती थिसिसमध्ये असे अंगठे घेतले गेले असतील, आणि मी फक्त मास्टर चार्ट, म्हणजे पेशंटांच्या माहितीचा तक्ता, तपासत बसले.

नियम नाहीत असं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे की माहिती सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत द्यायची आणि ती निरक्षर असेल तर त्रयस्थ साक्षीदार हजर हवा. प्रत्यक्षात साक्षीदाराच्या रकान्यात संध्याकाळी रूममधला दुसरा जेआर सही करतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता धडगावकडच्या एका जोडप्याचं सांगते. पावरी ही तिकडची आदिवासी बोली बोलणारे. मुलगा सिकलसेलचा, आई-बाप दोघेही वाहक, म्हणजे प्रत्येकात एक जनुक चांगलं, एक आजाराचं. आमचा विद्यार्थी मराठीत समजावत होता, प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता वगैरे. दोघं गप्प. तेव्हा ड्युटीवरच्या सिस्टर पुढे आल्या. शहाद्याच्या, पावरी येणाऱ्या. त्यांनी ट्रॉलीवरून पांढऱ्या पॅरासिटामॉलच्या आणि पिवळ्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या उचलल्या. पांढरी म्हणजे चांगलं, पिवळी म्हणजे आजाराचं. बापाच्या तळहातावर एक पांढरी, एक पिवळी. आईच्याही तशाच. मग दोघांकडून एकेक गोळी घेऊन होणाऱ्या चार जोड्या चादरीवर मांडल्या. एकीत दोन्ही पांढऱ्या, दोनांत मिसळ, एकीत दोन्ही पिवळ्या. आईने त्या पिवळ्या जोडीवर बोट ठेवलं आणि मुलाकडे बघितलं.

नंतर ती बराच वेळ सिस्टरशी बोलली. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. बहिणीचं रक्त तपासलं तर गावात कळेल का, हे तिला जाणून घ्यायचं होतं. रिपोर्ट गुप्त राहील हे आमच्या चौथ्या पानावर होतं खरं, पण सोयरिकीशी त्याचा संबंध कोणी तिला जोडून दाखवला होता?

थिसिसच्या आभारांत विभागप्रमुख आहेत, मी आहे, स्टॅटिस्टिक्सचे सर आहेत. सिस्टरांचं नाव नाही.

यात मुलांना दोष देऊ नका. सरकारी कॉलेजांत पीजीच्या निम्म्या जागा ऑल इंडिया कोट्याच्या. केरळ-राजस्थानातून आलेला मुलगा आधी मराठी शिकतो, तीच कशीबशी. अहिराणी-पावरी कुठून येणार? म्हणूनच ही जबाबदारी डिपार्टमेंटने घ्यावी. पहिल्या केसआधी विद्यार्थ्याने गाईडसमोर, दुभाषा सोबत घेऊन, एक पूर्ण संमती-संवाद करून दाखवावा. पेशंटने समजलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगावं, आणि ते सांगता आलं तरच अंगठा घ्यावा. वेळ कुठून आणायचा, असं सहकारी विचारतात. एका पेशंटला पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात, मी लावून पाहिली आहेत.

सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान 2023 मध्ये सुरू झालं, उद्दिष्ट 2047 चं. म्हणजे नंदुरबार-धुळ्याकडे रक्ताचे नमुने आणि थिसिस दोन्ही वाढणार.

आमच्या संमतीपत्राचं अहिराणी रेकॉर्डिंग मी माझ्या आवाजात केलंय, नऊ मिनिटांचं आहे. पावरी, भिली आणि मावची अजून बाकी आहे. अक्राणी, तळोदा, नवापूरकडचं कोणी मदत करणार असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. थिसिसमध्ये तुमचं नाव छापून येईल, ते मी स्वतः बघेन.